पंच्याहत्तर घोडे आणि चिखल

खेळ सुरू होतो तेव्हा गाडी उभी असते. चारी बाजूंना बर्च आणि पाइनचं रान, मधून गेलेली ओली कच्ची वाट, वर दाटलेलं आभाळ. नकाशा उघडून पाहावा तर बहुतेक काळोखच. आपण आहोत तेवढा तुकडा दिसतो, बाकी अंधारात इथे-तिथे काही खुणा असतात. त्या खुणांपाशी स्वतः गाडी नेली तरच भोवतालचा मुलूख उजळतो. शत्रू नाही, शर्यत नाही, मागे कोणी लागलेलं नाही. काम एकच : रानातले ओंडके लाकडाच्या गिरणीपर्यंत पोचवायचे. पण ओंडके वाहणारे ट्रक चिखलात घालण्याआधी वाट शोधायला हवी, आणि त्यासाठी हाती असते कापडी टपाची, गोल दिव्यांची, सोव्हिएत लष्करातली एक जुनी जीप. खेळात तिचं नाव ‘ए-४६९’.

संगणकावर आजवर गाड्या पळवलेल्या माणसाची इथे पहिल्याच ओढ्यापाशी फजिती होते. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पुढे जाते, हे त्याच्या बोटांत बसलेलं असतं. इथे दाबला की चाकं फिरतात आणि गाडी खाली जाते. अजून रेस दिली की अजून खाली. मागच्या चाकांमधून गाळाचे लपके उडतात, गाडीचं बूड चिखलाला टेकतं, आणि मग रेस दिली काय, न दिली काय, सारखंच. गाडी बसली.

‘स्पिनटायर्स’ नावाचा हा खेळ १३ जून २०१४ रोजी बाजारात आला. पावेल झाग्रेबेल्नी या रशियन प्रोग्रॅमरची ही निर्मिती. आधी त्याचा एक छोटा नमुना लोकांच्या हाती पडला. त्यात करण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण चिखल होता, आणि असा चिखल पडद्यावर कोणी पाहिलेला नव्हता. चाकाखाली तो दबत होता, बाजूला सरकत होता, चाकोरी पडली की ती तशीच राहत होती आणि दुसऱ्या फेरीला त्याच चाकोरीत गाडी अडकत होती. २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी गोळा झाली आणि ऊवी या ब्रिटिश कंपनीने खेळ प्रकाशित केला. पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘मडरनर’, एप्रिल २०२० मध्ये ‘स्नोरनर’ आणि मार्च २०२४ मध्ये ‘एक्स्पिडिशन्स’ असा त्याचा वंश वाढला. नंतरच्या खेळांत अमेरिकी ट्रक आले, अलास्का आणि मिशिगन आलं, बर्फ आलं. ते खेळ मोठे आहेत, देखणे आहेत. पण या सगळ्या प्रकाराचा गाभा पहिल्या दोन खेळांत आहे आणि तो सोव्हिएत आहे, असं माझं मत. कारण त्या गाड्या आणि तो चिखल एकमेकांसाठीच घडलेले आहेत.

गाड्या खऱ्या, पण बिल्ले काढून टाकलेल्या. आकारानुसार ए ते ई अशी अक्षरं, पुढे मूळ गाडीचा क्रमांक. ‘बी-१३१’ म्हणजे मॉस्कोच्या झिल कारखान्याचा झिल-१३१. ‘सी-२५५’ म्हणजे युक्रेनमधल्या क्रेमेन्चुकचा क्राझ-२५५. ‘डी-५३७’ म्हणजे रणगाडे वाहणारा, आठही चाकांना ताकद देणारा माझ-५३७. आणि ‘ए-४६९’ म्हणजे व्होल्गाकाठच्या उल्यानोव्स्कची उआझ-४६९. स्नोरनरमध्ये शेवरले, हमर, कॅटरपिलर ही नावं रीतसर परवान्यासह झळकतात आणि रशियन गाड्या मात्र ‘अझोव्ह’, ‘वोरोन’, ‘तायगा’ अशा बनावट नावांनी वावरतात. वेश पालटलेल्या माणसाला चालीवरून ओळखावं तशा त्या ओळखाव्या लागतात.

उआझ-४६९ ची कुळकथा थेट आपल्या गावाकडच्या जीपपर्यंत येऊन भिडते. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने टेहळणीसाठी एक हलकी, चारही चाकांना ताकद असलेली गाडी मागितली आणि पहिल्या नमुन्यासाठी मुदत दिली फक्त ४९ दिवसांची. अमेरिकन बँटम या डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा काढून घेतला आणि २३ सप्टेंबरला गाडी हजर केली. पुढे विलिस आणि फोर्ड यांनी ती लाखांनी बनवली. युद्ध संपल्यावर विलिसचे सुटे भाग मुंबईत माझगावला येऊ लागले, महिंद्रांनी त्यांची जुळणी सुरू केली, आणि त्या घराण्यातल्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडे सरकारी साहेबांपासून वडापपर्यंत सगळ्यांना वाहत राहिल्या.

त्याच बँटमची छायाचित्रं १९४१ च्या सुरुवातीला सोव्हिएत अभियंत्यांच्या हाती आली. गोर्कीच्या गाझ कारखान्यात व्हिताली ग्राचोव्ह या माणसाने त्यांच्या आधारे गाझ-६४ उभी केली. बाह्यरूप अमेरिकी वळणाचं, आतलं बरंच सामान गाझच्याच कारखान्यातलं. तिची दोन चाकांमधली रुंदी कमी होती. पुढे १९४३ मध्ये ती रुंद करून गाझ-६७ आली, १९५३ पासून गाझ-६९, आणि डिसेंबर १९७२ मध्ये उल्यानोव्स्कहून ४६९ ची मालिका बाहेर पडू लागली. या ग्राचोव्हचं नाव पुढे पुन्हा येणार आहे, कारण चिखलाशी इतकं चिवट वैर दुसऱ्या कोणी धरलेलं मला ठाऊक नाही.

४६९ चं इंजिन जेमतेम अडीच लिटरचं, ताकद ७५ अश्वशक्ती. आजच्या कितीतरी शहरी मोटारींनाही याहून जास्त असते. मग ही गाडी चालते कशाच्या बळावर? लष्करी ४६९ च्या चाकांपाशी, आसाच्या दोन्ही टोकांना, आणखी एकेक दाती-चाकांची जोडी आहे. त्यामुळे आस चाकाच्या मध्यातून जात नाही, मध्याच्या वरून जातो. जमिनीपासून पोटाचं अंतर ३०० मिलिमीटर मिळतं. साधा आस बसवलेल्या ४६९-बी या नागरी आवृत्तीत हेच अंतर २२० आहे. हा आठ सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकायचं की नाही, हे तिथेच ठरतं. शिवाय आसाकडून चाकाकडे येताना त्या जादा दात्यांत जोर जवळपास दुपटीने वाढतो आणि वेग तेवढाच उतरतो. १९७४ मध्ये या गाड्या एल्ब्रुस पर्वतावर सुमारे ४,००० मीटरपर्यंत चढवण्यात आल्या होत्या, चाकांना साखळ्या न लावता, विंचचा आधार न घेता.

खेळातल्या गाडीला क्लच नाही. शिफ्टची कळ दाबून धरली की पडद्यावर गिअरचा आराखडा उमटतो आणि दांडी सरकवून गिअर निवडायचा. ‘ए’ म्हणजे स्वयंचलित, ‘एक’ म्हणजे पहिला, ‘एक अधिक’ म्हणजे मुंगीच्या पावलाने जाणारा लो गिअर, शिवाय रिव्हर्स आणि न्यूट्रल. नवखा माणूस सगळा काळ ‘ए’ मध्ये काढतो. कोरड्या वाटेवर ते ठीक. पण चिखलात गाडी दमली की स्वयंचलित पेटी गिअर खाली आणते, आणि त्या बदलाच्या क्षणी चाकांचा जोर तुटतो. चिखलात तेवढा क्षण पुरतो. गाडी थांबते, थांबली की बसते. म्हणून ओढा दिसण्याआधीच पहिल्यात जायचं आणि मग मध्ये काहीही झालं तरी गिअरला हात लावायचा नाही. शक्तिमान ट्रक किंवा जोंगा जीप चालवलेल्या जुन्या फौजी ड्रायव्हरला हे कोणी सांगावं लागत नाही.

दुसरं बटण फोर बाय फोरचं. दाबलं की पुढची चाकंही ओढू लागतात आणि इंधनाचा आकडा झरझर उतरू लागतो. खेळात इंधन ही खरी दौलत आहे, त्यामुळे हे बटण उगाच दाबून ठेवता येत नाही. पडद्यावर दर मिनिटाला किती इंधन जळतंय ते दिसतं आणि माणूस आपोआप काटकसरी होतो. आता खऱ्या ४६९ मध्ये हीच गोष्ट कशी होती ते पाहा. ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी मुख्य गिअरखेरीज आणखी दोन दांड्या. एकीने पुढचा आस जोडायचा, दुसरीने लो गिअर टाकायचा. क्रम हाच. आधी पुढचा आस, मग लो, नाहीतर सगळा भार एकट्या मागच्या आसावर येऊन दाते जायचे. पुढच्या चाकांचे हब वेगळे केलेले असतील तर त्याआधी गाडीतून खाली उतरून, टोपी काढून, ते हाताने जोडायचे. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरला सिंक्रोनायझर नव्हता, म्हणजे खाली येताना डबल क्लच आलाच. खेळाने हे सगळं एका बटणात गुंडाळलं. तक्रार नाही. बसून खेळायच्या खेळात हबच्या टोप्या फिरवायला लावल्या असत्या तर खेळणारे पळून गेले असते.

तिसरं बटण डिफरेन्शियल लॉकचं, आणि इथे मात्र खेळ सरळसरळ खोटं बोलतो. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून आसाच्या मध्ये डिफरेन्शियल असतो. तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. पण जोर मात्र तो दोघांना सारखाच वाटतो, आणि तोही कमी पकड असलेल्या चाकाला झेपेल एवढाच. त्यामुळे एक चाक निसरड्या गाळात आणि दुसरं घट्ट खडकावर असेल, तर गाळातलं गरगरा फिरतं आणि खडकावरचं ढिम्म राहतं. लॉक केलं की दोन्ही चाकं एकाच दांड्याला बांधल्यासारखी फिरतात आणि खडकावरचं चाक गाडी उचलतं. खेळात हे बटण म्हणजे संजीवनी. फक्त ‘ए’ गिअरमध्ये ते चालत नाही, पहिल्यात किंवा लोमध्येच चालतं, एवढी अट घालून खेळाने थोडी शिस्त पाळली आहे. पण उल्यानोव्स्कच्या कारखान्यातून निघालेल्या साध्या ४६९ च्या आसांना लॉक नसे. एक पुढचं आणि एक मागचं चाक हवेत किंवा गाळात गेलं की ती बिचारी उभी. गाझ-६६ हा दोन टनी लष्करी ट्रक मात्र डिफरेन्शियल आपोआप आवळणारी रचना घेऊनच आला होता, म्हणून रशियात आजही त्याच्या नावाने लोक शपथा घेतात.

आणि मग विंच. गाडीच्या नाकातून निघालेला दोर एखाद्या झाडाला अडकवायचा आणि गाडी स्वतःला ओढत पुढे जाते. सुरुवातीला वाटतं, एवढं साधन असल्यावर अडचण कसली? पण दोराला मर्यादा आहे, आणि झाडांनाही. बारीक बर्चला दोर लावला तर ते मुळासकट उपटून गाडीपाशी येतं. जाड झाड दोराच्या टप्प्यात नसतं. असलं तर चुकीच्या बाजूला असतं, आणि गाडी वाटेवरून निघून थेट रानात ओढली जाते. काही दिवसांनी नजर बदलते. वाट बघण्याआधी माणूस झाडं बघू लागतो. मडरनर चौघांनी मिळूनही खेळता येतो, आणि तिथे विंचचा उपयोग एकमेकांच्या गाड्यांना टोचन लावण्यासाठी होतो. आपण रुतलो आहोत आणि भलत्याच देशातला कोणी अनोळखी माणूस मागे वळून, निम्मं इंधन जाळून आपल्यापाशी येतो, हे या खेळातलं मोठं सुख आहे. अर्थात तोही शेजारी येऊन रुततो, हे त्याहून मोठं.

चिखलाचं शास्त्र आहे आणि तेही लष्करी गाड्यांच्याच निमित्ताने उभं राहिलं. ऑक्टोबर १९४१ मध्ये मॉस्कोच्या दिशेने निघालेलं जर्मन सैन्य शरदातल्या पावसाने झालेल्या गाळात अडकलं. वर्षातून दोनदा, शरदात आणि वसंतात बर्फ वितळताना, त्या मुलखातले कच्चे रस्ते रस्ते राहत नाहीत. रशियन लोक या ऋतूला ‘रास्पुतित्सा’ म्हणतात. युद्धानंतर अनेक देशांच्या सैन्यांना एकच प्रश्न पडला : अमुक जमिनीवर अमुक गाडी जाईल की नाही, हे आधी कसं सांगायचं? मिएचिस्वाव बेकर या पोलिश अभियंत्याने, जो पुढे कॅनडा आणि अमेरिकेत काम करत होता, १९५६ मध्ये या विषयावर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की जमिनीलाही लोखंडासारखे गुणांक आहेत. ठरावीक रुंदीची पट्टी ठरावीक दाबाने माती किती खाली दाबते ते मोजा, त्या मातीचे आकडे मिळतील, आणि त्यावरून चाक किती रुतेल ते काढता येईल. चाक जितकं खोल जाईल तितकी त्याला पुढची माती ढकलत राहावी लागते, म्हणजे वाटचालीची सगळी ताकद खड्डा खणण्यातच जाते. अरुंद चाक, जास्त दाब, खोल खड्डा. रुंद चाक, कमी दाब, उथळ चाकोरी. याच बेकरच्या अभ्यासाचा उपयोग १९७१ मध्ये अपोलो-१५ बरोबर चंद्रावर गेलेल्या गाडीच्या जाळीदार चाकांसाठी झाला.

खेळात मातीचा असा अभ्यास नाही. तिथे चाकाला काही आकडे दिलेले असतात : कच्च्या वाटेवरची पकड, डांबरावरची पकड आणि चिखलातली पकड. चाकाचा व्यास आणि रुंदी धरून संगणक जमिनीचा पृष्ठभाग खाली दाबतो, कडेची माती वर आणतो. बेकरच्या समीकरणापुढे हे गणित ढोबळ आहे. पण परिणाम बघणाऱ्याला पटतो, कारण मूळ नियम तोच राहिला : जोर लावल्याने चाक पुढे जात नाही, पकड असेल तरच जातं. त्याउलट ‘बीमएनजी’ नावाचा जर्मनीत तयार झालेला खेळ गाडीच्या सांगाड्याचं गणित सेकंदाला २,००० वेळा करतो, पाटे वाकतात, चासी पिळवटते, दरवाजा चेपतो. गाडी म्हणून ती कुठल्याही खेळातल्या गाडीपेक्षा खरी वाटते. जमीन मात्र तिथे बहुतांशी मुकाट पडून असते. मला दोन्ही आवडतात, पण लष्करी जुनी गाडी चालवायची तर मी स्पिनटायर्सच्या घराण्यातलीच घेईन. ज्या जमिनीसाठी ती घडली ती जमीनच नसेल तर उरलं काय?

एका बाबतीत खेळाने अक्षम्य उशीर केला. ग्राचोव्हने अमेरिकेची डक ही पाण्यात आणि जमिनीवर चालणारी लष्करी गाडी अभ्यासली होती. तिच्यात ड्रायव्हरला बसल्या जागेवरून, गाडी चालू असताना चाकांतली हवा कमी-जास्त करता येत असे. ग्राचोव्हने झिस-४८५ या तशाच सोव्हिएत गाडीत ही सोय आणली, आणि तिथून ती १९५८ च्या झिल-१५७ पासून पुढच्या सगळ्या लष्करी ट्रकांत पसरली. दलदल आली की हवा सात-आठ पौंडांपर्यंत उतरवायची. टायर पसरतो, भार मोठ्या जागेवर वाटला जातो, ट्रक तरंगल्यासारखा निघून जातो. पुढे पक्की वाट लागली की कॉम्प्रेसर पुन्हा हवा भरतो. एखादी गोळी टायरमधून आरपार गेली तरी कॉम्प्रेसरच्या जिवावर तळ गाठता येत असे, हा लष्करी फायदा वेगळाच. झिल-१३१, गाझ-६६, क्राझ-२५५ या सगळ्यांत ही यंत्रणा आहे. खेळात हेच ट्रक २०१४ पासून हुबेहूब दिसतात, पण हवेचं बटण नाही! ते अखेर २०२४ च्या एक्स्पिडिशन्समध्ये आलं. ज्या एका युक्तीवर सोव्हिएत लष्कराने चिखल जिंकला तीच युक्ती खेळाने दहा वर्षं बाजूला ठेवली. का, ते कळण्यासारखं आहे. हवा उतरवता आली असती तर निम्मे ओढे सोपे झाले असते. ग्राचोव्ह पुढे झिल कारखान्यात बसून आणखी विचित्र यंत्रं काढत राहिला. अंतराळवीर भलत्याच दलदलीत किंवा तायगात उतरले तर त्यांना उचलून आणणारी ‘निळा पक्षी’ नावाची सहाचाकी उभयचर गाडी त्याच्याच विभागाची.

जीपने वाट शोधून झाली की खरं ओझं आणायला मोठे ट्रक निघतात. क्राझ-२५५ ला रशियन ड्रायव्हर ‘लापोत्निक’ म्हणत, म्हणजे झाडाच्या सालीचे रुंद जोडे घातलेला. त्याची चाकं खरोखरच तशी फताडी आहेत. जवळपास १५ लिटरचं आठ सिलिंडरी डिझेल इंजिन आणि २४० अश्वशक्ती, म्हणजे आकाराच्या मानाने फार नाही. तो धावत नाही, ढकलत जातो. माझ-५३७ मध्ये रणगाड्याच्या इंजिनाचा भाऊबंद बसवलेला आहे : बारा सिलिंडर, सुमारे ३९ लिटर, ५२५ अश्वशक्ती. खेळात तो घेऊन निघालं की वाटतं आता कोण अडवणार. इंधनाची टाकी अडवते. अर्ध्या वाटेत टाकी तळ गाठते आणि मग तेलाचा टँकर ओढत आणखी एक ट्रक त्याच्या मागे पाठवावा लागतो, तो टँकर कलंडतो, त्याला सरळ करायला तिसरा. ‘हार्डकोर’ पातळीवर ओंडकेही आपोआप चढत नाहीत, क्रेनने एकेक उचलून रचावे लागतात. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. हे कंटाळवाणं आहेच. माल वाहणं हा धंदाच तसा आहे.

माझे मामा फौजेत एमटीला, म्हणजे वाहन विभागात होते, शक्तिमानवर. जर्मन मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बनू लागलेला हा ट्रक पुढे चार दशकांच्या आसपास भारतीय लष्कराचा बैल होता. मामांना मी हा खेळ दाखवला. त्यांनी बराच वेळ काही न बोलता पाहिलं. क्राझ ओळखला नाही, पण उराल दिसल्यावर मान हलवली. आपल्या तोफखान्यातले ग्राड रॉकेट लाँचर उरालच्या ट्रकवर बसवलेले असत, ते त्यांनी पाहिलेले. ओढ्यापाशी मी जीप थांबवली, गिअर टाकला, फोर बाय फोरचं बटण दाबलं. मामा म्हणाले, “अरे, खाली उतर की आधी.”

खाली उतरता येत नाही, हे त्यांना पटेना. त्यांच्या मते पाणी आलं की ड्रायव्हर उतरतो, काठी घेऊन आत चालत जातो, तळ कसा आहे बघतो, मोठे धोंडे कुठे आहेत ते बघतो, आणि गाडी रुतलीच तर बाहेर पडायला कुठला काठ बरा, तेही बघून ठेवतो. सहायक पलीकडे उभा राहून हाताने खुणा करतो. ड्रायव्हरने नजर त्याच्या हातावर ठेवायची, चाकावर नाही. त्यांनी आणखीही काही काढलं : दगड-फांद्या घालून चाकाखाली केलेला बांध, फावडं, आणि शेवटी पंधरा-वीस जवानांचे खांदे. यातलं खेळात काही नाही. कॅमेरा गाडीभोवती घारीसारखा फिरतो आणि काठीचं काम करतो, ही त्यांच्या लेखी लबाडी होती. मडरनरमध्ये ड्रायव्हरच्या जागेवरून बघण्याची सोय आली आहे. ती मी लावून दिली, तेव्हा काचेतून पुढचं बॉनेट आणि थोडं आभाळ एवढंच दिसलं आणि मामांनी पहिल्यांदा मोकळेपणाने होकार भरला. बरोबर, असंच दिसतं.

मामांचा आक्षेप मनात घेऊन खेळलं की या रानातली निर्मनुष्यता खटकू लागते. गावं आहेत, घरं आहेत, कुंपणं आहेत, गिरणीची शेड आहे, पण माणूस नाही. सैन्याच्या गाड्या आहेत, सैन्य नाही. कोणी त्या गाड्यांचा रंग बदलला, बंदुकीचा आधार काढला आणि ओंडक्यांच्या कामाला लावलं, असं चित्र उभं राहतं. हे चित्र काल्पनिकही नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर लष्कराने विकायला काढलेले कितीतरी ट्रक सैबेरियाच्या रानांत, तेलक्षेत्रांत, भूगर्भशास्त्रज्ञांच्या तळांवर गेले आणि तिथे अजूनही राबताहेत. पण फेब्रुवारी २०२२ नंतर या निर्मनुष्य रानाकडे त्याच निरागसपणे बघणं मला जमलेलं नाही. युक्रेनमध्ये रस्ता सोडून शेतात उतरलेली आणि गाळात बसलेली लष्करी वाहनं जगाने छायाचित्रांत पाहिली. त्यांत खेळातल्या गाड्यांचे भाऊबंद होते, दोन्ही बाजूंना. उआझ दोन्हीकडे धावत होत्या. क्राझचं गाव क्रेमेन्चुक हल्ल्यांच्या बातम्यांत येऊ लागलं. खेळ यावर काही बोलत नाही आणि बोलण्याची त्याची शक्यताही नव्हती. तो त्याच्या कितीतरी आधीचा. तरीही विंचचा दोर झाडाला अडकवताना हे आठवतं.

या खेळातल्या गाड्यांच्या फाइली साध्या मजकुरात लिहिलेल्या असतात. कोणालाही उघडून वाचता येतात, बदलता येतात. इंजिनाचा जोर किती, वजन किती, टाकी केवढी, चाकाची चिखलातली पकड किती, डिफरेन्शियल लॉक उपलब्ध असावा की नसावा, सगळे आकडे तिथे. त्यामुळे हौशी लोकांनी बनवलेल्या गाड्यांचा पूर आलेला आहे. त्यातल्या पुष्कळ गाड्या म्हणजे उआझच्या कातड्याखाली ट्रॅक्टरची ताकद आणि पाण्यावरून चालणारी चाकं. अशी गाडी घेऊन नकाशा एका संध्याकाळी पार होतो आणि दुसऱ्या दिवशी खेळ उघडावासा वाटत नाही. नुसता जोर वाढवला आणि चाकं तीच ठेवली तर आणखी गंमत. खड्डा आधी जेवढ्या वेळात पडत होता त्याच्या निम्म्या वेळात पडतो.

मुरलेले खेळाडू उलट्या वाटेने जातात. खऱ्या गाडीचं माहितीपुस्तक शोधून ते आकडे फाइलीत उतरवतात : ७५ घोडे, सुमारे पावणेदोन टन वजन, ३९ लिटरच्या दोन टाक्या, आणि लॉक नाही. अशी ४६९ घेऊन निघालं की ज्या ओढ्यातून काल बटण दाबून निघून गेलो होतो तो आज वळसा घालून ओलांडावा लागतो, आणि पुरेसं जाड झाड कुठे आहे हे प्रत्येक उताराच्या आधी, इंजिन चालू ठेवून, थांबून बघून घ्यावं लागतं.